परड्यातले दोन कोंबडे: झुंज का लागते आणि आपण काय करायचं

दिवाळी झाल्यावर आमची तांबडी कोंबडी खुडूक बसली आणि एकवीस दिवसांनी तिनं नऊ पिलं काढली. त्यातले दोन नर निघाले. दोघं एकाच डालग्याखाली वाढले, एकाच वाटीतली कणी टिपली, आईनं पंख पसरले की त्याच उबेत शिरले. पाडव्याच्या सुमारास एका सकाळी परड्यात धडपड ऐकू आली म्हणून बाहेर गेलो, तर दोघं मानेची पिसं फुलवून समोरासमोर उभे. बघता बघता उडी, लाथ, चोच. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "भाऊभाऊ की ते! काल एकत्र चरालते, आज काय झालंय त्यांना?"

बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत ज्याच्या परड्यात चार जवारी, म्हणजे गावठी, कोंबड्या आहेत, त्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. त्यावर लोक सहसा दोन गोष्टी करतात. काही जण झुंज दिसली की धावत जाऊन सोडवतात, दिवसातून दहा वेळा. काही जण कंबरेवर हात ठेवून बघत राहतात, "लढू दे, दम येतोय" म्हणत. मी पहिल्या प्रकारातला होतो आणि त्यामुळे माझ्या घरची भांडणं आठवडाभर लांबली. असं का झालं हे कळायला कोंबड्यांचं आपसातलं राजकारण आधी समजून घ्यावं लागतं.

टोचण्याची उतरंड

खानापूरच्या कुंभारांकडे मडक्यांची उतरंड रचलेली असते, एकावर एक, प्रत्येकाची जागा ठरलेली. कोंबड्यांच्या कळपातही तशीच उतरंड असते. ती ठरते कोण कुणाला टोचतं आणि कोण गप सोसून बाजूला होतं यावरून. नॉर्वेतल्या थोर्लेइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी लहानपणी घरच्या कोंबड्या बघत बघत हे ओळखलं आणि पुढं १९२२ मध्ये शास्त्रीय लेखातून मांडलं. सगळ्यात वरची कोंबडी कुणालाही टोचू शकते. दुसरी तिला सोडून बाकीच्यांना. सगळ्यात खालची कुणालाच नाही. दाण्यावर आधी कोण, राखेत लोळायला आधी कोण, रात्री दांडीवर बरी जागा कुणाची, हे सगळं त्यावरून चालतं.

यात एक बारकावा आहे. माद्यांची उतरंड वेगळी आणि नरांची वेगळी. जाणता कोंबडा सगळ्या माद्यांच्या वर असतो आणि त्याचं भांडण असतं ते दुसऱ्या नराशी.

ही उतरंड एकदा बसली की कळपात शांतता येते. मग वरच्यानं नुसती मान उंच करून बघितलं तरी खालचा सरकतो. झुंज लागते ती उतरंड ठरलेली नसते किंवा विस्कटते तेव्हा. तरणे नर वयात आले, बाजारातून नवा कोंबडा आणला, म्हातारा थकला, किंवा एखादा काही दिवस बाजूला ठेवून परत सोडला, की सगळा हिशेब पुन्हा मांडला जातो.

आमच्या दोघांचं पाडव्यालाच का बिघडलं, हेही यातून उलगडतं. पिलं काही आठवड्यांची असतानाच छातीला छाती लावून लुटुपुटीची भांडतात, पण त्यात इजा होत नाही. चार-पाच महिन्यांचा झाला की नराच्या अंगात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. तुरा मोठा आणि लालभडक होतो, घशातून घोगरी, अर्धवट बांग निघू लागते. त्यात आपल्याकडे डिसेंबरात दिवस साधारण अकरा तासांचा असतो, तो वाढत जूनपर्यंत तेरा तासांच्या आसपास जातो. वाढता उजेड पक्ष्याच्या मेंदूला विणीचा हंगाम आल्याचं सांगतो. त्याच सुमाराला तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, अंड्यावर येतात. वय, उजेड आणि माद्या, तिन्ही एकदम. मग सख्खा भाऊही प्रतिस्पर्धी दिसतो.

बांगेचंही तसंच. जपानातल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की एका गटात ठेवलेल्या कोंबड्यांत पहाटेची पहिली बांग सगळ्यात वरचा देतो आणि बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे मागोमाग आरवतात. वरच्याला गटातून काढलं तर दुसरा सुरुवात करतो. आपल्या खुराड्यात नरांची उतरंड बसली आहे की नाही हे बघायचं असेल तर दोन-चार पहाटे अंथरुणातच नीट कान द्या. क्रम रोज तोच असेल तर बसली. रोज कुणीही आधी आरवत असेल तर अजून चाललंय.

हरणाऱ्याला पळायला वाट

आता झुंजीकडे नीट बघूया, कारण तिला टप्पे असतात. आधी दोघं तिरपे उभे राहून एकमेकांना मापतात. मग एक जण उगाच जमिनीवर चोच मारतो, दाणा नसतानाही. दुसराही मारतो. एखादा एक पंख खाली सोडून अर्धगोल फिरतो. इथपर्यंत दोघांनाही माघार घेता येते आणि पुष्कळदा कुणी तरी घेतोच. मग मानेची पिसं छत्रीसारखी उघडतात, डोकी खाली जातात आणि उडी घेऊन दोन्ही पायांनी लाथ बसते. शेवट नेहमी एकच असतो: एक जण मान खाली घालून, शेपूट पाडून पळतो. जिंकलेला थोडा पाठलाग करतो, पंख फडफडवून आरवतो आणि माद्यांकडे वळतो. झुंज संपली.

या शेवटावर सगळं अवलंबून आहे. पळणारा नजरेआड झाला की जिंकलेल्याचं काम झालेलं असतं. पण पळायला जागाच नसेल, तर जिंकलेल्याच्या दृष्टीनं तो अजून समोर उभा आहे, म्हणजे अजून आव्हान देतोय. मग तो मारतच राहतो. परड्यातले कोंबडे मरतात किंवा आंधळे होतात ते बहुतेक वेळा असे, कोपऱ्यात सापडून. त्यांच्यात वैर फार म्हणून नव्हे, भिंत जवळ होती म्हणून.

जांबोटी-कणकुंबीच्या रानात पहाटे राखी रानकोंबडा ओरडतो तो आपण ऐकलेला असतो. तोही भांडतो. पण हरला की त्याला सगळं रान मोकळं. आपल्या घरच्या कोंबड्याचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा, तरी आपल्या जवारी कोंबड्यांच्या पायांची पिवळी कातडी या राखी रानकोंबड्याच्या वंशातून आलेली आहे, हे २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून कळलं. रानातला स्वभाव तोच राहिला. रान मात्र आपण काढून घेतलं आणि चार भिंतींचं परडं दिलं.

तेव्हा परडं थोडं रानासारखं करायचं. त्याला पैसे लागत नाहीत. आमच्या परड्यात मी लाकडाची रास एका भिंतीला चिकटून होती ती ओढून मधोमध आणली, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंनी पळता येतं. भाताच्या पिंजराची छोटी गंजी, उभी केलेली जुनी बैलगाडीची फळी, केळीचं बेट, काहीही चालतं, फक्त एका कोंबड्याला दुसरा दिसेनासा झाला पाहिजे. बंद कोपरे मात्र भरून टाकायचे. खुराड्याला एकच दार असेल तर मागं दुसरं लहान भोक ठेवायचं, म्हणजे आत अडकलेला बाहेर निसटेल. दाणा एका जागी ओतायचा नाही. दोन-तीन ठिकाणी, एकमेकांपासून लांब फेकायचा. पाण्याची भांडीही दोन.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो तालुक्यागणिक बदलतो. अथणी, कागवाडकडं पाऊस कमी, तिथं कोंबड्या जवळजवळ वर्षभर बाहेर असतात. खानापूरच्या पश्चिमेला मात्र आषाढात दिवसच्या दिवस पाऊस उघडत नाही आणि सगळा कळप खुराड्यात कोंडलेला असतो. तेव्हा फेब्रुवारीत मिटलेलं भांडणही पुन्हा उकरून निघतं. त्या दिवसांसाठी गोठ्याची एक बाजू किंवा पडवीचा तुकडा जाळी लावून मोकळा ठेवा. आत पक्ष्यामागे निदान तीन चौरस फूट जागा हवी आणि रात्री बसायला दांडीवर प्रत्येकाला वीतभर. जमिनीवर भाताचं तूस पसरून त्यात मूठभर ज्वारी लपवली तर उकरण्यात त्यांचा दिवस जातो. रिकामी कोंबडी टोचते, हे मी दरवर्षी बघतो.

आपल्याकडं नर जास्त का होतात

साधारण आठ ते दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरतो. आपल्या घरांत मात्र सहा माद्या आणि चार कोंबडे हा हिशेब सर्रास दिसतो. कारण उघड आहे. एक जत्रेला राखलेला, एक देवाला बोललेला, एक पाहुणे येतील म्हणून ठेवलेला, आणि एक रंगानं इतका देखणा की कापायला जीव होत नाही. मी यातला एकही मोडा असं म्हणत नाही. जत्रा आहे, नवस आहेत, ते राहणार. पण जत्रेपर्यंतचे महिने ते चौघं कुठं आणि कसे राहणार याचा विचार पिलं तीन महिन्यांची झाली की करायला हवा. तेव्हा तुऱ्यावरून नर ओळखू येतात आणि गंभीर झुंजी अजून सुरू झालेल्या नसतात.

नर जास्त झाल्याची खूण झुंजीआधी माद्यांच्या अंगावर दिसते. पाठीवरची आणि मानेमागची पिसं झडतात, कातडी उघडी पडते, कधी पंखाखाली ओरखडे. पुष्कळजण याला उवा किंवा रोग समजतात. कोंबडे सारखे चढून चढून ही दशा होते. एक-दोन नर कमी केले की नवी पिसं येतात.

जास्तीचे नर ठेवायचेच असतील तर त्यांचा वेगळा गट करा, ज्यात एकही मादी नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण माद्या नसल्या की बरोबर वाढलेले तीन-चार कोंबडे बऱ्यापैकी गुण्यागोविंदानं राहतात. भांडायला कारणच कमी होतं. त्यांना माद्या दिसता कामा नयेत, म्हणून घराच्या दुसऱ्या बाजूला, मध्ये भिंत येईल असे ठेवा. एकट्याला पायाला दोरी बांधून ठेवण्याची पद्धत मात्र सोडून द्या. बांधलेला कोंबडा पळू शकत नाही, आणि मोकळा फिरणारा त्याच्यावर येतोच.

जातही बघा. आता जवारीबरोबर गिरिराज घरोघर दिसतात. बेंगळूरच्या हेब्बाळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली ही जात, अंगानं जवारीपेक्षा कितीतरी जड. जवारी चपळ असतो आणि सहसा निसटतो, पण कोंडलेल्या जागेत वजनाचा मार त्याला पेलत नाही. असील रक्ताचा कोंबडा असेल तर त्याला दुसऱ्या नराबरोबर ठेवूच नका. पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठी निवडलेली ती जात, हरल्यावर मागं फिरायचं भान तिच्यातून कमी झालेलं आहे.

"बैलासारखा खच्ची करता येत नाही काय?" असंही विचारतात. कोंबड्याची वृषणं पोटात, पाठीच्या कण्याला लागून असतात. ती काढायची म्हणजे पोट फाडायचं. हे घरी करण्याचं काम नाही, कुणी सांगितलं तरी करू नका. चोच कापणं तर अजिबात नको. मोकळ्यावर चरणारा पक्षी चोचेवर जगतो.

पायामागचा काटा मात्र बोथट करता येतो आणि मी करतो. आत हाड आणि रक्त असतं, म्हणून फक्त टोकाचा थोडा भाग, तोही कानसेनं घासून. कोंबडा संध्याकाळी दांडीवर बसल्यावर शांतपणे हातात येतो. एकानं पोत्यात गुंडाळून धरायचा, दुसऱ्यानं घासायचं. दोन्ही कोंबड्यांचे काटे एकाच दिवशी घासा, नाही तर एकाच्या हातातलं शस्त्र काढून घेतल्यासारखं होतं.

झुंज पेटली असताना

रक्त नाही, दोघं दम घेत थांबतात, पळायला जागा आहे, तर हात घालू नका. जवळ उभे राहून लक्ष ठेवा. माझी चूक इथंच झाली. मी दर वेळी मध्येच सोडवत होतो, म्हणून निकालच लागत नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी दोघं ताजे होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

रक्त दिसलं, एक जण खाली बसला, डोळ्यावर मार बसतोय, किंवा पळणाऱ्याला कोपऱ्यात धरलंय, तर मात्र एक क्षण थांबायचं नाही. मध्ये हात किंवा पाय घालू नका, आणि मुलांना तर लांबच ठेवा, कारण उडी त्यांच्या तोंडाच्या उंचीला येते. सूप, पोतं, फळी, जे हाताला लागेल ते दोघांच्या मध्ये आडवं धरा. तांब्याभर पाणी फेकलं तरी क्षणभर थांबतात. मग मार खाणाऱ्यावर नव्हे, मारणाऱ्यावर डालगं पालथं घाला. हरलेल्याला मोकळं राहू द्या, म्हणजे त्याला दाणापाणी मिळतं आणि माद्यांत त्याची ओळख टिकते. जिंकलेला तासा-दोन तासांत डालग्याखाली निवतो.

जखम बघायला सावलीत न्या. तुऱ्यातून रक्त खूप येतं, घाबरू नका. स्वच्छ कापडानं दाबून धरा आणि हळद दाबा. बाकीच्या जखमा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवा, वर पोव्हिडोन आयोडीन. नंतर हळद आणि खोबरेल लावलं तर लाल रंगही झाकला जातो, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण लाल ठिपका दिसला की बाकीच्या कोंबड्याही तिथंच टोचतात. उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला जखमेवर माशी बसून अळ्या पडतात, म्हणून रोज उघडून बघायचं. डोळा सुजला, चालता येत नाही, दाणा सोडला, तर जनावरांच्या दवाखान्यात न्या. डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर "हुंज" म्हणून सांगितलं की कोंबडा कळतो, बाकीचं जखम दाखवूनच सांगता येतं.

एक मात्र तपासा. तुऱ्यावर आणि तोंडावर काळ्या खपल्या आहेत, पण झुंज कुणी बघितलेली नाही आणि माद्यांनाही तशाच खपल्या आहेत, तर ती देवी रोगाची लागण असू शकते. डास ती पसरवतात. अशा वेळी भांडणाचा उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

जखमी कोंबडा किती दिवस बाजूला ठेवायचा हा सगळ्यात अवघड भाग. मी एकाला मागच्या खोलीत तीन आठवडे ठेवला होता. जीव वाचला, पण परत सोडल्यावर जो आधी त्याच्याखाली होता तोही अंगावर आला. इतक्या दिवसांत तो सगळ्यांना परका झाला होता. आता मी जखमीला त्याच परड्यात, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतो. बाकीच्यांना तो रोज दिसतो, त्याची बांग ऐकू येते, फक्त चोच पोचत नाही. परत येताना त्याला नव्यानं ओळख द्यावी लागत नाही.

नव्या कोंबड्यालाही हीच जाळी. बाजारातून आणला की पहिले दोन-तीन आठवडे तो पूर्ण वेगळा, कारण त्याच्याबरोबर राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग घरात येऊ शकतो आणि झुंजीपेक्षा त्यानं नुकसान जास्त होतं. मग आठ-दहा दिवस जाळीआड, एकमेकांना दिसतील असा. नंतर एका संध्याकाळी, दांडीवर बसायच्या थोडं आधी, दाणा लांब लांब फेकून मोकळा सोडायचा. थोडा वेळ भांडतील, अंधार पडेल, झोपतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तासभर घरी राहा. आणि मोटारसायकल परड्यात लावत असाल तर आरशावर पिशवी घाला. दिवसभर आरशातल्या कोंबड्याशी झुंजून चोच रक्ताळलेले मी बघितले आहेत.

मुद्दाम झुंजी लावणाऱ्यांबद्दल एकच सांगतो. करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजायला लावणं आणि त्यासाठी जागा चालवणं, दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, रिंगणात हरणाऱ्याला पळायची वाट मुद्दाम बंद केलेली असते. परड्यात जे चुकून होतं ते तिथं ठरवून करतात. त्यानं कोंबड्याला दम येत नाही, डोळा जातो.

आमच्या दोघांचं पाडव्यानंतर दोन आठवड्यांनी मिटलं, मी सोडवायचं थांबवल्यावर चौथ्या दिवशी. थोरला, म्हणजे ज्याच्या मानेवर जास्त तांबूस पिसं आहेत तो, माद्यांबरोबर लाकडाच्या राशीच्या अलीकडं चरतो. दुसरा पलीकडं केळीखाली. दाणा मी दोन्हीकडं फेकतो. संध्याकाळी दोघंही एकाच दांडीवर येतात, मध्ये तीन माद्यांचं अंतर ठेवून. पहाटे थोरला आरवतो, थांबतो, आणि मग केळीखालचा.